गाळलेली ओळ

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. समोर आई मासा कापते आहे, तिचे हात कोपरापर्यंत ओले आहेत, आणि तुमच्या हातात नगरपालिकेचा कागद आहे. आई म्हणते, "वाच गं मोठ्याने." तुम्ही वाचू लागता. तीन ओळी नीट जातात. चौथी तुमचे डोळे आधीच वाचून मोकळे होतात, आणि ती आईला ऐकवावीशी वाटत नाही. आता काय कराल? सावकाश विचार करा. चिहारुला मात्र तेवढा वेळ नव्हता. तिने चौथी ओळ गाळली आणि पाचवी वाचली.

"झालं? एवढंच?" तोमिएने, तिच्या आईने, विचारलं.

"एवढंच."

"म्हणजे एप्रिलपासून खानावळीत सिगारेट बंद. पण दुकान लहान असेल तर मालकाच्या मर्जीवर. आपण कळवायचं, दारावर 'इथे सिगारेट चालते' अशी नगरपालिकेची पाटी लावायची, की पहिल्यासारखंच चालू." तोमिएने सुरी पुसली. "बरं. ठेव तो कागद फ्रिजवर."

चौथ्या ओळीत लिहिलं होतं, की जिथे सिगारेट ओढायला परवानगी असेल त्या दुकानात वीस वर्षांखालच्या कोणालाही, मग ते घरचं माणूस का असेना, आत येता येणार नाही.

चिहारुने कागदाची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

'इसोया' या खानावळीत लांब फळीसमोर दहा स्टुलं होती. रॉकेलच्या शेगडीजवळचं शेवटचं स्टूल चिहारुचं. शाळा सुटली की ती थेट इथे यायची आणि सहाला दुकान बंद होईपर्यंत तिथेच बसायची. वडील मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारे. घर टेकडीपलीकडे. पहिलीत असताना आईने एक आठवडा तिला घरी एकटीला ठेवून पाहिलं होतं. रोज संध्याकाळी तोमिएने दार उघडलं, तेव्हा चिहारु दाराकडे तोंड करून बसलेली असायची. कोट अंगात, दप्तर पाठीवर, घरातले सगळे दिवे लावलेले. त्यानंतर ते शेवटचं स्टूल तिचं झालं.

तरीही तिने ओळ गाळली, कारण फोनवर आई वडिलांना सांगत होती ते तिने ऐकलं होतं: "यासुकाका आणि ती मंडळी गेली, तर चूल कोणासाठी पेटवायची?" म्हणजे एका बाजूला रोज येणारी ती सिगारेट ओढणारी मंडळी होती आणि दुसऱ्या बाजूला शेवटचं स्टूल. यातलं काय निवडशील, असं आईला विचारायची वेळच येऊ नये, असं तिला वाटत होतं. उत्तर काय येईल, याची तिला भीती वाटत होती.

सोमवारी तोमिएने फळीवर चहाचा एक रिकामा डबा ठेवला. शेजारी तिच्या वडिलांच्या पटावरच्या सोंगट्या दोन वाडग्यांत ठेवल्या, एकात काळ्या, दुसऱ्यात पांढऱ्या.

"हे तुमचं दुकान आहे, मी एकटी काय ठरवणार? सिगारेट चालू ठेवायची असेल तर काळी, बंद करायची असेल तर पांढरी. मुठीत झाकून टाका, कोणी कोणाचं बघायचं नाही. शनिवारी मोजू."

"निवडणूकच की!" कुराता गुरुजी म्हणाले. ते निवृत्त झाल्याला वीस वर्षं झाली होती, पण गाव त्यांना अजून गुरुजीच म्हणायचं. "मग प्रचार कुठाय? मला कोणी एक वाटी भातसुद्धा फुकट देत नाही."

"तुम्हाला दिला तर तुम्ही दोन्ही बाजूंचा खाल," हिसानो मावशी म्हणाली. ती सुकी मासळी विकायची. धुराचा वास केसांत बसू नये म्हणून आत येताच डोक्याला टॉवेल गुंडाळायची, आणि कोणी त्यावर बोललं की म्हणायची, "थंडी वाजते हो."

यासुकिचीने मात्र एक काळी आणि एक पांढरी, अशा दोन सोंगट्या उचलल्या आणि शर्टाच्या खिशात, सिगारेटच्या पाकिटाशेजारी टाकल्या.

"यासु, एकच टाकायचीय!" कोणीतरी ओरडलं.

"टाकतो रे. घाई कसली?"

यासुकिची मासळी बाजारात लिलाव पुकारायचा. आता काम सुटलं होतं, पण भाव लिहायची लाल पेन्सिल कानावर तशीच होती. दिवसाला दीड पाकीट सिगारेट ओढणारा हा माणूस चिहारुच्या शेजारच्या स्टुलावर बसायचा आणि धूर नेहमी मान वळवून डाव्या खांद्यावरून सोडायचा. त्याच्या सगळ्या शर्टांची डावी कॉलर पिवळी पडली होती.

चिहारुचं अभ्यासाचं कार्डही तोच भरायचा. रोज एक धडा मोठ्याने वाचायचा आणि ऐकणाऱ्या मोठ्या माणसाने कार्डावर खुणा करायच्या, असा शाळेचा नियम होता. आवाज स्पष्ट होता का? एकही ओळ न गाळता वाचलं का? उत्तम असेल तर वर्तुळात वर्तुळ, चुकलं तर त्रिकोण. खरं तर हे आईचं काम. पण आईचे हात कायम ओले, म्हणून कधीतरी लाल पेन्सिल पुढे आली होती आणि ती प्रथाच पडून गेली. चिहारु वाचायला उभी राहिली की फळीसमोरचे सगळेजण हातातले चहाचे पेले खाली ठेवायचे.

गुरुवारी यासुकिची चहात बघत म्हणाला, "परवा लेकीच्या पोराला घेऊन स्टेशनसमोरच्या कॉफीवाल्याकडे गेलो होतो. दारातूनच परत पाठवलं. त्याने ती पाटी आत्ताच लावलीय."

"पाटीचा आणि पोराचा काय संबंध?" गुरुजींनी विचारलं.

चिहारुच्या हातातलं खोडरबर निसटलं आणि शेगडीखाली गेलं. ते काढायला ती वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकूनच राहिली.

"कोण जाणे," वरून यासुकिचीचा आवाज आला. "पोरगं आइस्क्रीमसाठी रडत होतं, मी कुठे विचारत बसू? काय गं चि, आज धडा नाही वाटतं?"

ती उभी राहिली. दोन्ही हातांनी पुस्तक धरून तिने धडा वाचला. आवाज मध्येच बारीक झाला. यासुकिचीने कार्ड ओढलं, पहिल्या रकान्यात वर्तुळ काढलं. दुसऱ्या रकान्यावर पेन्सिल थांबली.

"एकही ओळ गाळली नाहीस ना?"

धड्यातली एकही गाळली नव्हती. चिहारुने मान हलवली. लाल वर्तुळात दुसरं वर्तुळ पडलं, आणि तिचे कान शेगडीइतके तापले.

शनिवारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर तोमिएने दारावरचा, दुकान उघडं असल्याची खूण असलेला पडदा उतरवून आत घेतला. आत फक्त रोजची माणसं राहिली.

"सगळ्यांनी टाकली?"

यासुकिचीने खिशात हात घातला. बराच वेळ चाचपलं. मग झाकलेली मूठ डब्यावर धरली. आत टक्क वाजलं.

"चि मोजेल," तोमिए म्हणाली. "तिचं मत नाही, म्हणून तीच बरी."

चिहारुने डबा उलटा केला. काळी. काळी. काळी. सोंगट्या ओळीने मांडताना टकटक आवाज येत होता. नऊ काळ्या झाल्या. दहावी पांढरी होती.

"नऊ विरुद्ध एक!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबायला वेळ लागला. "हा कोण बुवा आपल्यातला फितूर?"

"मला वाटलं, तुम्हीच," हिसानो मावशी म्हणाली. "डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो काढलाय ना?"

"काढलाय की. पण मी काळीच टाकली. यासुला या वयात कुठे पाठवायचं? मला तर खात्री होती, पांढरी तुझी असणार. तो टॉवेल आम्हाला कळत नाही होय?"

"अहो, मीही यासुदादांसाठीच टाकली!" मावशी ओशाळून हसली. "आणि तोमिएचं दुकान चालायला हवं, म्हणून."

तोमिए हसली नाही. तिने लाल झालेले डोळे एप्रनने टिपले. त्या एप्रनवर माशाचे खवले चिकटले होते. "तुम्हा सगळ्यांनाच हवी आहे असं मला वाटलं, म्हणून मीसुद्धा काळीच टाकली," ती हळूच म्हणाली. मग सावरून घेत म्हणाली, "असू दे. ठरलं ते ठरलं. सोमवारी कळवून टाकते."

चिहारुच्या हातात अजून ती पांढरी सोंगटी होती. तिच्यावर काहीतरी चिकटलं होतं. तपकिरी, केसाएवढं बारीक. तिने नखाने काढलं आणि नाकाशी नेलं.

तंबाखू होती.

तिने शेजारी पाहिलं. यासुकिची न पेटवलेली सिगारेट बोटांत फिरवत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या वह्या, दप्तर आणि स्टुलाखाली ओळीने ठेवलेले बूट, इकडेच त्याची नजर होती.

"चि," आई म्हणाली, "तो फ्रिजवरचा कागद दे गं. कळवायचं कुठे ते बघते."

चिहारु उतरली. टाचा उंचावून तिने कागद काढला, घड्या उलगडल्या. आईने हात पुढे केला. चिहारुने कागद दिला नाही. ती शेवटच्या स्टुलाशी परत आली, वर्गात उभी राहते तशी ताठ उभी राहिली आणि कागद दोन्ही हातांनी समोर धरला.

"अगं, आज शनिवार," हिसानो मावशी म्हणाली. "आज कसला धडा?"

पण सवयीने सगळे पेले खाली टेकले. तिने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली. मग ती थांबली.

यासुकिचीने कानावरची लाल पेन्सिल काढून फळीवर ठेवली.

"हं," तो म्हणाला. "पुढे."

चिहारुने श्वास घेतला आणि चौथी ओळ वाचली, अगदी दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.