भिंतीपासून चार बोटं

मित्रांनो, जरा वेळ डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या हातात एक लांब दोरी आहे. दोरीच्या खालच्या टोकाला पेरूएवढं पितळेचं वजन बांधलेलं आहे. आधी ते झुलतं, मग हेलकावे लहान होत जातात आणि शेवटी ते अगदी स्थिर होतं. आता डोळे उघडा. ते वजन म्हणजे मी. मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, एवढी एकच गोष्ट मला कळते. दुसरं काही मला येत नाही. आणि ज्या भिंतीची हकिगत मी सांगणार आहे, ती भिंत आता तिथे नाही.

पाचोऱ्याच्या एका लेथवर माझा जन्म झाला. महिपती गवंडी स्वतः शेजारी उभे राहून मला कातून घेत होते. माझ्याच रुंदीचा एक लाकडी ठोकळाही त्यांनी करून घेतला. माझी दोरी त्या ठोकळ्याच्या भोकातून जाते. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला हलकेच टेकलो, तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली, तर भिंत वरून बाहेर झुकली आहे असं समजायचं.

महिपतींनी माझ्या भरवशावर चाळीस वर्षं घरं बांधली. दर दसऱ्याला थापी आणि काटकोन मापायच्या गुण्याच्या शेजारी मलाही झेंडूचं फूल मिळायचं. एकदा कमरेएवढी चढलेली भिंत त्यांनी माझ्या सांगण्यावरून पाडून टाकली. घरमालक चिडला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दादा, आज विटा पडतायत. उद्या माणूस पडेल."

त्यांची नात हिमानी ओट्यावर बसून माझ्याशी खेळायची. महिपती तिला सांगायचे, "घाई करायची नाही, हिमे. तो थांबेपर्यंत आपण बोलायचं नाही."

महिपती गेले आणि गावातलं बांधकामही हळूहळू थांबलं. तरणी माणसं गाव सोडून जात होती, मग घरं बांधणार कोण? महिपतींचा मुलगा जितेश, म्हणजे हिमानीचे बाबा, यांच्या हाताला वर्षभर धड काम नव्हतं. एक दिवस ते हिमानीच्या आईला म्हणाले, "बदलापुरात जिकडे बघावं तिकडे इमारती उठतायत. गवंड्याला तिथे काम नाही, असं कसं होईल?"

आई म्हणाली, "कुणाशी बोललात का? कुणी ये म्हटलंय का?"

"गेल्यावर मिळेल."

ओळखीचं कुणी नसताना आणि काम ठरलेलं नसताना आम्ही बदलापूरला आलो. मी थापीबरोबर पिशवीत होतो.

जितेश रोज सकाळी कामासाठी मजूर जमतात त्या नाक्यावर उभे राहायचे. कात्रपच्या एका साइटवर त्यांनी मला पिशवीतून बाहेर काढलं, तेव्हा तिथला सुपरवायझर हसला. "काका, हा म्युझियममध्ये द्या. आपल्याकडे लेझर आहे. बटण दाबलं की हिरवी लाइन." जितेशनी मला पुन्हा पिशवीत ठेवलं. त्यानंतर किती साइटवर नकार मिळाला ते मला माहीत नाही, कारण पिशवी उघडलीच नाही. रात्री जेवताना जितेश ताटातून मान वर करत नसत.

तिसऱ्या महिन्यात काम मिळालं. शिरगावात एका आडगल्लीत तीन मजल्यांची जुनी इमारत होती. मालकाचं नाव अल्पेश. इमारतीच्या कुशीलाच नव्या टॉवरसाठी खड्डा खणणं चालू होतं, आणि इमारतीला भेगा पडल्या होत्या. अल्पेश जितेशना म्हणाला, "मिस्त्री, पुट्टी मार, वरून रंग मार, विषय एंड. वरची खोली रिकामी आहे, फॅमिली घेऊन राहा. भाडं नको. फक्त भाडेकरूंच्या डोक्यात काही भरवू नको."

"भेगा नव्या दिसतायत, शेठ."

"बिल्डिंग म्हातारी झाली की सुरकुत्या पडणारच ना? तू लोड नको घेऊ."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. खोलीची गॅलरी भिंतीच्या रेषेतच, नेमकी खड्ड्याच्या बाजूला होती. लाल मातीच्या तळाशी पाणी साचलेलं असायचं आणि दोन पंप दिवसभर ते उपसत राहायचे.

तळमजल्यावर ठमाबाई राहायच्या. ही जमीन एके काळी त्यांच्या सासऱ्यांची होती. नळावर हंडा लावून त्या हिमानीला म्हणाल्या, "इथं आमचा भात व्हायचा गो. ऐन उन्हाल्यात पन खनलं, तरी पानी लागायचा. त्यावर ह्यांनी बिल्डिंग ठेवली, जशी काय दह्यावर वाटी."

हिमानी हसली. मला मात्र हसू आलं नाही.

आठवड्याभरात मोरीचं दार अडकायला लागलं. आई कणीक मळायला बसली, की परातीतलं पाणी गॅलरीच्या बाजूला जमायचं. जितेश सकाळी भेग बुजवायचे आणि चौथ्या दिवशी ती पुट्टीतून पुन्हा डोकं वर काढायची. मित्रांनो, सगळ्यात वाईट गोष्ट मी तुम्हाला सांगतो. पिशवी त्यांच्या हाताशी होती, तरी त्यांनी एकदाही मला बाहेर काढलं नाही. ते महिपतींचे पुत्र होते. मी काय सांगणार हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते मला विचारत नव्हते.

मला बाहेर काढलं ते हिमानीने. एका रविवारी तिने ठोकळा गॅलरीच्या खालच्या कडेपाशी भिंतीला टेकवला आणि मला खाली सोडलं. मी थांबलो, तेव्हा माझ्यात आणि भिंतीत एक बोट फट होती. पुढच्या रविवारी ती दोन बोटं झाली. हिमानीने बाबांना बोलावलं. जितेश आले, त्यांनी वाकून एकदाच पाहिलं आणि दोरी ओढून मला वर घेतलं.

"हे कुणाला बोलायचं नाही, हिमे."

"पण बाबा, आजोबा म्हणायचे..."

"आजोबांना राहायला स्वतःचं घर होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट तो इतका खाली गेला होता, की हिमानी घाबरली. "हे काम गेलं, तर आपण कुठे जायचं? सांग तू. मला शब्द दे, एक अक्षर बोलणार नाहीस."

हिमानीने शब्द दिला. आई दाराशी उभी होती. तिने हिमानीचं अंथरूण गॅलरीपासून उचलून आतल्या भिंतीशी नेलं.

त्यानंतर चार दिवस खड्ड्यातलं मशीन जास्तच जोरात चाललं. दर दणक्याला भांडी किणकिणायची. इमारतीतल्या भाडेकरूंना वाटायचं, आता तर रंगकाम चाललंय, म्हणजे मालकाचं लक्ष आहे. नवा पिवळा रंग पाहून ती माणसं निर्धास्त झाली होती. त्या रंगाची मला फार भीती वाटायची.

पाचव्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. बारवी धरणाचं पाणी तासभरच येतं, त्यामुळे सगळी इमारत खड्ड्याच्या बाजूच्या नळापाशी जमते. जितेश थोडं पलीकडे परांचीवर चढून पुट्टी लावत होते. हिमानी वर आमच्या गॅलरीत आली. तिने ठोकळा भिंतीला घट्ट टेकवून दोरीने कठड्याला बांधला आणि मला सोडलं. मी तिसऱ्या मजल्यावरून खाली आलो, सगळ्यांच्या खिडक्यांसमोरून, ठमाबाईंच्या हंड्याच्या उंचीपर्यंत. मग ती जिना उतरून खाली आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. तिने शब्द पाळला. ती एक अक्षर बोलली नाही.

"ह्यो काय गो?" ठमाबाईंनी विचारलं.

हिमानीने ओठांवर बोट ठेवलं. मी झुलत होतो. कुणीतरी नळ बंद केला. एकेक जण गप्प झाला. माझे हेलकावे लहान झाले आणि मी थांबलो. हिमानीने माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत बोटं घातली. चार बोटं मावली.

लहान मुलालाही समजेल इतकं ते स्पष्ट होतं. ठमाबाईंनी मान वर करून परांचीकडे पाहिलं. "मिस्त्री, तुमची पोर बोलत नाय. तुमी तरी बोला. आमी या भिंतीखाली झोपायचा का नाय?"

जितेश खाली उतरले. हातातली पुट्टी वाळत होती. ते म्हणाले, "जुनी इमारत आहे, मावशी. थोडं असतंच." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मित्रांनो, पुढचं आधीच सांगून टाकतो. त्याच दुपारी जितेशच्याच सांगण्यावरून इमारत रिकामी झाली. त्यानंतर नवव्या दिवशी ती भिंत खड्ड्यात गेली, आणि तेव्हा तिच्याखाली कुणी नव्हतं. जितेशचं काम गेलं, खोलीही गेली. आम्ही पुन्हा पिशव्या उचलल्या आणि अंबरनाथच्या नाक्यावर पहिल्यापासून सुरुवात केली. तिथेही ठरलेलं काम नव्हतं. आजही नेहमी असतंच असं नाही. पण आता जितेश कुठल्याही भिंतीपाशी गेले, की आधी मला बाहेर काढतात. तुमच्याही घरात माझ्यासारखी जुनी अवजारं पडली असतील. त्यांना पुसून ठेवा. आणि जे बघायची भीती वाटते, ते आधी बघा. वरून रंग लावू नका.

आता त्या सकाळी हिमानीने पुढे काय केलं, ते सांगायचं मी राखून ठेवलं आहे. ती बाबांजवळ गेली. त्यांच्या हाताला लागलेली पुट्टी तिने आपल्या फ्रॉकला पुसली. मग तो हात धरून तिने त्यांना माझ्यापाशी आणलं, आणि त्यांची चार बोटं एकेक करून त्या फटीत ठेवली.