गुरुवारची बॅच

फ्लास्कमधलं द्रावण गढूळ आहे, असं एरवी कुणी म्हटलं नसतं. टेबलावर ठेवलं की ते पाण्यासारखंच दिसायचं. पण ललितानं फ्लास्क मानेला धरून खिडकीसमोर उचलला, हलकीशी गिरकी दिली, तेव्हा तळाशी बसलेलं काहीतरी वर उठलं. तांदळाच्या तिसऱ्या धुण्यात जेवढी पांढुरकी छटा उरते, तेवढीच. ती उन्हात घटकाभर तरंगली आणि सावकाश पुन्हा खाली बसायला लागली.

ऑक्झॅलिक ॲसिड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवलं की द्रावण काचेसारखं स्वच्छ राहतं. इथे त्यात पांढरं काही बसायचं तर एकच कारण होतं: कुठून तरी कॅल्शियम आत गेलेलं असणार. ते कुठून जातं, हे ललिताला दिवाळीपासून ठाऊक होतं. आता महाशिवरात्र जवळ आली होती.

तिनं फ्लास्क जागेवर ठेवला आणि उगाच पदर नीट केला.

"बाई, आज किती येनार जी?" मागच्या टेबलावरून घनश्याम म्हणाला.

"करून बघ, म्हणजे कळेल."

"कळलंच हाय. दहा." त्यानं जर्नल उचलून दाखवलं. तिन्ही ओळींत दहा लिहून झालं होतं. त्याची ब्युरेट अजून कोरडी होती.

पोरं हसली. ललिताला हसू आलं नाही, आणि रागवायलाही तोंड उरलं नव्हतं.

हे १९७८ साल. शाळेला जोडून अकरावी-बारावीचे विज्ञानाचे वर्ग मिळाले त्याला फार दिवस झाले नव्हते. रसायनाच्या प्रात्यक्षिकाच्या दोन बॅचेस होत्या. सोमवारी गावातली, चांगल्या टक्क्यांची मुलं. गुरुवारी उरलेली: मुली, उशिरा नाव घातलेले, करडी गावाकडून धुऱ्या-बांधांवरून सायकल हाणत येणारे. प्रयोग दोघांनाही तोच. दहा मिलिलिटर ॲसिड पिपेटनं घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे, ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंबाथेंबानं सोडायचा. ज्या थेंबाला फिका गुलाबी रंग येऊन टिकतो, तिथे थांबायचं आणि आकडा वाचायचा. दोन्ही द्रावणं एकाच ताकदीची, म्हणून दहाला दहा लागले पाहिजेत.

सोमवारच्या बॅचला दहा लागायचे, नाहीतर दहाच्या केसभर पुढे. गुरुवारच्या बॅचला कधी साडेनऊ, कधी नऊ पूर्णांक सहा, एकदा तर नऊ पूर्णांक तीन.

"सोमवारची पोरं हाताची पक्की हायेत," ललिता ज्यांच्या हाताखाली शिकवायची ते मधुकरराव सर सगळ्यांदेखत म्हणायचे. "गुरुवारचे हात नांगराचे. नांगरानं कुठं थेंब मोजता येते काय?"

मग गुरुवारची बॅचही शहाणी झाली. ब्युरेटमध्ये काहीही दिसो, जर्नलमध्ये दहा. सर लाल पेननं बरोबरची खूण करायचे. एकट्या रुखमिणीच्या जर्नलमध्ये पानापानावर 'रिपीट' लिहिलेलं होतं, कारण ती दिसेल तेच लिहायची. करडीची मुलगी, बोलायला कमी. डोळा ब्युरेटच्या रेघेच्या नेमका समोर आणायला ती गुडघे वाकवून उभी राहायची आणि श्वास रोखायची. कुठल्याही कॉलेजात ललितानं इतकं स्वच्छ वाचन पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला ललितानं चूक मुलांच्यातच शोधली. मुली फ्लास्क राखेनं घासायच्या, घरी भांडी घासतात तसे, चकाचक. राखेत खार असतो, ॲसिड मारतो. तिनं राख बंद करायला लावली, प्रत्येक फ्लास्क स्वतः तीनदा विसळला. फरक पडला नाही. मग तिला कॉस्टिक सोड्याचा संशय आला. पण तो हवेत राहून कमजोर झाला असता तर दहापेक्षा जास्त लागला असता. इथे कमी लागत होता. म्हणजे ॲसिडच कमी होतं. कुणीतरी ते आधीच खाऊन टाकत होतं.

एका रविवारी किल्ली मागून घेऊन तिनं स्वतः ॲसिड तोललं, विरघळवलं. त्याच कॉस्टिक सोड्याला दहा पूर्णांक एक आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. द्रावण स्वच्छ होतं.

पुढच्या गुरुवारी ती लवकर येऊन दारात उभी राहिली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ॲसिडचं ताजं द्रावण सर स्वतः करायचे. ते काम त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. लांब मानेच्या मोठ्या फ्लास्कचं काचेचं बूच केव्हाच फुटलेलं. सरांनी खिशातून डबी काढली, तंबाखू तळव्यावर घेतला, डबीच्या दुसऱ्या टोकातून अंगठ्यानं चुना उचलला, मळला, थाप मारली, ओठात धरला. मग फ्लास्कमध्ये रेघेपर्यंत पाणी भरलं, तोंडावर तोच अंगठा दाबून फ्लास्क उलटा केला. सुलटा केला. पुन्हा उलटा. अंगठ्याच्या पेरावर आणि नखाच्या कडेला पांढरं होतं. थोड्या वेळानं ते नव्हतं.

सोमवारी सरांचा उपास असायचा. सोमवारी ते तंबाखूला शिवत नसत.

चुना म्हणजे कॅल्शियम, आणि तो ॲसिड खातो: इतकं साधं होतं ते. ललिताला त्या दिवशी आनंद झाला होता, गणित सुटल्यावर होतो तसा. तो दुपारपर्यंत टिकला. दुपारी सर समोर येऊन बसले आणि तिला कळेना, हे सांगायचं कुणाला.

ही लॅब सरांनी उभी केली होती. नागपूरहून ब्युरेट आणताना भाताच्या तणसात गुंडाळून एस.टी.त मांडीवर धरून आणल्या होत्या, रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला स्वतः उठून उभे राहत. आणि ललिताच्या बाबतीत तर याहून जास्त. ती मॅट्रिक झाली तेव्हा सर तिच्या घरच्या अंगणात बाजेवर येऊन बसले होते. तिच्या बापासमोर तंबाखू मळत म्हणाले होते, "तुलारामजी, ही पोरगी नागपूरले नाही गेली तर माझं शिकवनं वाया गेलं समजा." बापानं मान हलवली होती. त्या चिमटीतला अर्धा तंबाखू सरांनी बापाला दिला होता. तोच अंगठा. आज तिची नोकरी दरवर्षी नव्यानं मिळायची, आणि संस्थेत सरांच्या शब्दावर मिळायची.

म्हणून तिनं न सांगता सांगायचे सगळे मार्ग केले. नागपूरहून रबराचं बूच आणून फ्लास्कशेजारी ठेवलं. सर म्हणाले, "रबराचा वास लागते द्रावणाले," आणि ते बूच खिडकी आपटू नये म्हणून तिच्या फटीत बसवलं. तिनं बेसिनवर साबणाची वडी आणि टॉवेल ठेवला. सरांनी मुलांना बजावलं, "बाईंनं साबन ठेवली हाय, हात धुवत जा, गावंढे!" तिनं म्हटलं, सर, द्रावण मी करून ठेवत जाऊ का? "कायले तरास घेतेस तू? तू पोरं सांभाळ. अंदाज लागते त्याले, हात बसावा लागते."

रात्री घरी ती वाक्यं जुळवायची. 'सर, मला वाटतं बुचाअभावी...' 'सर, एक शंका होती...' प्रत्येक वाक्य त्यांच्या हातापाशी येऊन अडकायचं. म्हाताऱ्या गुरुजींना तुमचा हात घाण आहे, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि नाही म्हटलं, तर गुरुवारी ती मुलांच्या मधून फिरायची आणि तिला स्वतःचीच चीड यायची. मुलं काही शिकत नव्हती असं नाही. आकडा आधी लिहायचा आणि मग थेंब मोजायचे, हे ती उत्तम शिकली होती.

आजचा हा शेवटचा सराव. पुढच्या गुरुवारी परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार, ते सरांना विचारणार, उत्तर किती? सर सांगणार, दहा. ज्याचं दहा येणार नाही त्याचे मार्क जाणार. बाकीच्यांना काळजी नव्हती. रुखमिणीला होती. तिच्या मोठ्या भावानं सांगितलं होतं, यंदा नापास झाली तर शाळा बंद, धानाच्या रोवण्याला घरी.

सर हात मागे बांधून टेबलांमधून फिरत आले. घनश्यामच्या जर्नलवर खूण झाली.

"वा! शिकला रे तू."

"तुमची कृपा, सर."

त्याच्या शेजारच्यानं खोकल्यात हसू दाबलं. सर रुखमिणीपाशी थांबले. ती गुडघे वाकवून रेघ वाचत होती. शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये जेमतेम गुलाबी रंग होता, तुळशीच्या मंजिरीवर असतो तितकाच.

"किती?"

"नऊ पूर्णांक सहा, सर."

"पुन्हा कर."

"तिसऱ्यांदा केलं, सर. तिन्ही वेळी नऊ पूर्णांक सहाच येऊन राहिलं."

"म्हंजे तीनदा चुकली." सर बाकीच्यांकडे वळले. "पाहा रे, सगळ्या वर्गाले दहा येते आन् हिलेच येत नाही. वर्ग चुकला का ही चुकली?"

"हीच!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सर, तिले म्हना सोमवारी येत जा," घनश्याम म्हणाला. "सोमवारी देव पावते."

पुन्हा हशा. रुखमिणीचे कान लाल झाले. ती सरांकडे पाहत नव्हती. ती ब्युरेटकडेही पाहत नव्हती. ती ललिताकडे पाहत होती, टेबलापलीकडे, आणि त्या नजरेत तक्रार नव्हती. थकवा होता. वर्षभर एकटीनं ओझं उचललेल्या माणसाचा असतो तसा.

"मले दिसते तेच मी वाचतो, बाई," ती हळूच म्हणाली. "माझा डोळा खराब आहे काय?"

ललितानं मोठ्या फ्लास्ककडे पाहिलं.

रुखमिणीनं जर्नल पुढे ओढलं. नऊ पूर्णांक सहाच्या तिन्ही आकड्यांवर आडवी रेघ मारली. पट्टी लावून, सरळ मारली. तिला वाकडी रेघ जमत नव्हती.

"दहा लिहू का, बाई?"

"बाईले काय विचारते? लिही," सर म्हणाले. आवाज मऊ झाला होता, प्रेमळच म्हणावा असा. "आता कशी शहाण्यासारखी वागली. लिही, मी खूण करतो." त्यांनी खिशातून लाल पेन काढला. पेनबरोबर डबीही थोडी वर आली. अंगठ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं, सुकून तडकलेलं.

रुखमिणीच्या पेनाचं टोक कागदावर टेकलं. तिनं एक काढला. पुढचं शून्य काढायला तिचा हात वळला.

"थांब," ललिता म्हणाली.

टेबलाला वळसा घालून ती सरांच्या समोर आली. तिच्या हातात मोठा फ्लास्क होता. तो तिनं केव्हा उचलला, तिला कळलं नाही. खिडकीच्या उजेडात तळाचं पांढरं पुन्हा वर उठलं होतं. लॅबमध्ये ती नेहमी पुस्तकी मराठी बोलायची, तीही जपून. रात्रीरात्री जुळवलेली सगळी वाक्यं पुस्तकीच होती. त्यातलं एकही आता आठवेना. आलं ते घरचं बोलणं आलं.

"सर, तिचं नऊ पूर्णांक सहाच बरोबर हाय. दहा नाही लिहायचं तिनं. तुमच्या अंगठ्याचा चुना जाते या द्रावणात, आन् मले ते दिवाळीपासून माहीत हाय. हे मी आता मोरीत ओतून टाकतो, आन् परीक्षेचं ॲसिड मी करीन, तुम्ही नाही."