बिनकॅरेजची सायकल

“कुनाच्या बापाला इचारून चिकटवलंस हे?”

हैबतराव असे ओरडले, की आवाज डोंगराला धडकून परत आला आणि येताना दोन पोपट खाली पाडून गेला, असं मुठा गावात अजून सांगतात.

अंगणात त्यांची सायकल उभी होती. बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची जुनी रेसर. पोरगा शेखर जन्माला यायच्या आधीची. बावधनच्या निरंजनसाहेबांच्या गॅलरीत ती धूळ खात होती. तीन महिने खेटे घालून हैबतरावांनी ती विकत घेतली, तेव्हा साहेब म्हणाले, “हिला कॅरेज नाही हो मागे.”

“म्हनून तर पायजे,” हैबतराव म्हणाले.

चौतीस वर्षं त्यांनी खिंड ओलांडून बावधनला दूध घातलं. मागे दोन किटल्या, पुढे हँडलला गावभरच्या पिशव्या. उतारावर ब्रेक दाबला तर सायकल थांबायची आणि दूध पुढे जायचं. ही रेसर मात्र दोन बोटांनी उचलावी अशी. तीन रविवार ते खिंडीपर्यंत नुसते जाऊन आले. न्यायचं काही नाही, आणायचं काही नाही.

आणि आज शेखरनं बापाची सोय म्हणून ती गेट-ग्रिलवाल्या भिकूकडे नेऊन मागे लोखंडी कॅरेज वेल्डिंग करून आणलं होतं. म्हैस बसेल एवढं. नळीवरचा निळा रंग जळून काळा पडला होता.

“चिडताय काय आबा? पोतं ठिवलं तरी हालनार न्हाई.”

“पोतं तुज्या डोक्यावर ठीव!”

तेवढ्यात शेखरची आई लीलाबाई दळणाचा डबा घेऊन आल्या. “बरं झालं बाई. बिनकॅरेजची सायकल म्हंजी बिनशेपटाची म्हैस, सारा गाव हसत हुता. जाता जाता एवढं गिरनीत टाका.” आणि डबा कॅरेजवर ठेवूनही टाकला.

हैबतरावांनी तो उचलून त्यांच्या हातात परत दिला.

“जलमभर समद्यांची वझी वाह्यली. कदी ब्र काडला? एक वस्तू आनली माजी. एकच! तिचंबी खेचर केलंत.”

“आवं, पन रिकामं कुनी फिरतं का?”

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरोखरच विचारत होत्या. त्यानं हैबतरावांच्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. लोखंड कापायची करवत काढून ते जमिनीवर बसले.

“द्या, मी कापतो,” शेखर पुटपुटला.

“हात लाव, मंग बघ काय काय कापतो ते!”

दुपार झाली तेव्हा कॅरेज खाली पडलं. पण भिकूचं वेल्डिंग पक्कं. चाकाशी बोटभर खुंट राहिलेच. हैबतराव तसेच निघाले. प्रत्येक पायडलला टाच खुंटावर घासत होती. चढाला लागेपर्यंत सोलून निघाली. तोंडानं भिकूच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू होता. पाय थांबत नव्हते.

खिंडीतून गावातली सोनी डोक्यावर मोळी घेऊन उतरत होती.

“आबा, उन्हाचं कुटं निगालात?”

“कुटंच न्हाई,” हैबतराव म्हणाले आणि गिअर बदलला.

सोनीनं मोळी कठड्यावर टेकवली आणि ते वळणाआड होईपर्यंत बघत उभी राहिली.