घंटीचं देऊळ

मी घंटा बोलतेय. देवघरातली टीचभर नव्हे हं, दोन गड्यांनी मिळून उचलावी अशी चर्चची घंटा! आवाज खणखणीत आहे आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे.

ओताऱ्याच्या भट्टीतून निघाले ती नागपुरात, कोष्ट्यांच्या वस्तीत आले. तिथलं चर्च म्हणजे एक पत्र्याची शेड. मला अंगणातल्या निंबाला टांगलं. पहाटे चर्चची देखभाल करणारा देवाजी माझा दोर ओढायचा. प्रार्थनेला येणारी ख्रिस्ती घरं मोजकीच. पण माझ्या आवाजावर अख्खी वस्ती उठायची, घरोघरी माग खडखडू लागायचे. बायाबापड्यांनी आमचं नावच पाडलं, 'घंटीचं देऊळ'.

शेजारच्या रुख्माबाई हिंदू. मूलबाळ नव्हतं. मरण्याआधी त्यांनी आपली मोकळी जागा आमच्यासाठी म्हणून लिहून दिली, पण कागदावर 'घंटी वाजते त्या देवळाकरिता' नव्हे, नुसतं 'देवळाकरिता'. तिथंच माशी शिंकली. नव्या चर्चचा पाया खणताच त्यांचा पुतण्या बाबनराव कोर्टात गेला. म्हणे, देऊळ हिंदूंचंच असतं, चर्चला देऊळ कोण म्हणतं?

काम थांबलं. वादळात शेड आडवी झाली, निंबही मोडला. मी पोत्यावर पडून राहिले, वर्षामागून वर्षं मुकी. खटला हरलो तर मला मोडीत घालायचं बोलणं चाले. फार भीती वाटायची हो!

एके दिवशी देवाजी कोर्टातून आला तो हसतच. त्याची बायको तारा म्हणाली, "काहून हासून राहिले जी?"

"अवं, वकिलानं बाबनरावले इचारलं, राहता कुठं? तं तो शपथेवर सांगते, 'घंटीच्या देवळामागं!' जजसाहेबाले बी हासू आवरलं नाही."

जिभेला लागलेलं वळण वकिलाच्या शिकवणीनं थोडंच जातं! निकाल आमच्या बाजूनं लागला. माझ्या जिवात जीव आला.

आता मी नव्या चर्चच्या मनोऱ्यात आहे. पहिल्याच पहाटे मी मन भरून वाजले, तोच भिंतीपलीकडून बाबनराव ओरडला, "हळू वाजव ना गा, देवाजी! कान फाडून राहिला!"

काय बरं वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं तो आमच्याशी बोलला होता तो फक्त वकिलामार्फत. माणसांनो, भांडा खुशाल. पण असं, भिंतीवरून, एकमेकांचं नाव घेऊन भांडा.