देठावरची राख

फळं निवडून पेट्यांत भरायच्या पॅकहाउसच्या आवारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या कापडावर पाच अ‍ॅव्होकाडो मांडलेले आणि त्यांच्यामागे माल का सडतो ते सांगायला मालकांनी बोलावलेले बाबा, डोळे मिटून. आठवड्यापूर्वी बाबांनी प्रत्येक फळाच्या देठाशी राख फासली होती, पाच कामगार बायकांच्या ओंजळीत एकेक फळ देऊन परत घेतलं होतं आणि मालकाच्या कपाटात कुलूपबंद केलं होतं. आज सुरी फिरली. चार फळं लोण्यासारखी निघाली. पाचवं देठापासून अर्ध्यापर्यंत काळं.

"हिच्या हातात नाश आहे!" बाबा गरजले. "मी बोलत नाही, फळ बोलतंय!"

फळ काही बोललं नव्हतं, पण गर्दीने ते स्वच्छ ऐकलं.

पाचवं फळ थोरल्या जाऊबाईंच्या ओंजळीत दिलेलं. गर्दीत मागे उभी असलेली त्यांची धाकटी जाऊ कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तीन महिने माल सडून परत येत होता, आणि सडकी पेटी बहुतेक वेळा थोरलीच्या टेबलावरची असायची. एवढं मात्र खरं होतं.

"आठव्या दिवशी शुद्धी," बाबांनी जाहीर केलं. "उकळत्या पाण्यात दोन्ही हात. पाप नसेल तर फोडही येणार नाही."

"आणि आला तर?" धाकटीने विचारलं.

"तर पाप धुतलं गेलं."

म्हणजे काहीही झालं तरी बाबांचंच बरोबर.

धाकटीने पाचही फळांचे तुकडे डब्यात भरले आणि मालकाकडे बारा दिवस मागितले.

"बाई, माझा माल रोज सडतोय," मालक म्हणाले. "तुमची बुरशी काय मुहूर्त बघून उगवणार?"

प्रयोगशाळेत तिने हिरवा गर जिथे काळा होत होता तिथले नखाएवढे तुकडे कापले, जंतुनाशकात धुतले आणि काचेच्या बशीत, बुरशी वाढवायच्या बटाटा-साखरेच्या खळीवर ठेवले. चौथ्या दिवशी बशीत राखाडी लोकरीसारखी बुरशी उगवली. पण उगवली म्हणून लगेच गुन्हेगार ठरत नाही. निरोगी फळात घातल्यावर त्या बुरशीने तशीच सड करून दाखवायला हवी. धाकटीने सहा चांगली फळं घेतली. तीन फळांच्या देठात बुरशी घातली, तीन फळांच्या देठात नुसती खळी. नुसत्या खळीची तीन फळं तिने थोरलीपुढे ठेवली.

"घ्या हातात. चांगली चोळा."

"अगं, नासतील." थोरलीने हात पदराखाली घेतले. "खरं सांगू? आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

"म्हणूनच चोळा."

थोरलीने चोळली.

आठव्या दिवशी आवारात पातेलं उकळत होतं. "अजून चार दिवस थांबा," धाकटी ओरडली.

"तुझ्याकडे उत्तर आहे का?" बाबांनी विचारलं.

"अजून नाही."

लोक हसले. थोरलीचा नवरा खाली मान घालून म्हणाला, "होऊन जाऊ दे एकदाचं." थोरलीने स्वतःच हात घातले.

फोड आले. बाबा म्हणाले, पाप फार जुनं होतं. दोन दिवसांनी ते दुसऱ्या पॅकहाउसच्या बोलावण्यावर निघून गेले.

बाराव्या दिवशी धाकटीने त्याच आवारात सहा फळं कापली. बुरशीची तिन्ही देठापासून काळी. थोरलीच्या धड हातांनी शेवटची हाताळलेली तिन्ही स्वच्छ.

"मग हिच्याच टेबलावर कसं काय सडतं?" मालकांनी विचारलं.

उत्तर तोडणीवाल्याने दिलं. "खालच्या बागेत आम्ही कात्री लावतो. वरच्या बागेत ओरबाडतो. तुम्हीच म्हणालात साहेब, वेळ वाचतो. आणि वरचा माल हिच्या टेबलावर जातो."

ओरबाडलं की देठाच्या जागी जखम राहते, धाकटीने सांगितलं. वाळक्या फांद्यांवरची बुरशी तिथून आत शिरते, फळ टणक आहे तोवर गप्प बसते आणि ते पिकायला लागलं की जागी होते. मग तिने प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये जपलेल्या बाबांच्या पाच फळांवरची राख सर्वांदेखत धुतली. चार फळांना देठाचा तुकडा होता. पाचव्याला उघडा खळगा.

"हा बाबा पूर्वी नदीपलीकडच्या पॅकहाउसात माल निवडायचा," वजनकाट्यावरचा म्हातारा पुटपुटला. "देठाशी नरम झालेलं फळ डोळे मिटून ओळखायचा."

"आधी का नाही बोललास?" मालक ओरडले.

"कुणी विचारलं?"

"आम्हाला तरी काय माहीत होतं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मलाही माहीत नव्हतं," धाकटी म्हणाली. "म्हणून मी बारा दिवस मागितले. माहीत नसेल तेव्हा थांबा, फळ कापा, विचारा, पुन्हा करून बघा. पाणी उकळायची एवढी घाई का होती तुम्हाला?"

थोरलीने एक स्वच्छ फळ उचलायला हात पुढे केले. बँडेजमधून ते निसटलं आणि घरंगळत मालकाच्या पायाशी जाऊन थांबलं.