शेजारची खाट

जीन हुडाकचा सगळा जीव रिव्हरमेन या शहराच्या बेसबॉल टीमवर. थेल्माशी लग्न ठरण्याआधी तो तिला दोनच ठिकाणी घेऊन गेला होता, एक चर्च आणि दुसरी बेसबॉलची मॅच. मॅचला जास्त वेळा. त्यामुळे टीमच्या मालकाने नवं स्टेडियम मागितलं, नाहीतर टीम दुसऱ्या शहरात नेतो म्हणाला, तेव्हा जीनच्या घशाखाली घास उतरेना.

त्यावर काउंटीत, म्हणजे त्या जिल्ह्यात, मतदान ठेवलं गेलं. प्रत्येक खरेदीवर थोडा जास्तीचा कर बसवायचा आणि त्यातून काउंटीने स्टेडियम बांधायचं. पुढची डागडुजीही काउंटीनेच करायची. चालवणार मात्र मालक. तिकिटं, पार्किंग, बिअर, सगळी कमाई त्याची.

थेल्माला हे पटत नव्हतं. "बांधायचं आपण आणि किल्ली त्याच्या खिशात?" ती म्हणाली.

"अगं, पोलादाचा कारखाना बंद पडायला आलाय. टीमही गेली तर या गावात उरलं काय?"

जीन कारखान्यात वेल्डर होता. कामावरून आला की तोंडावर पाणी मारून तो दारोदार प्रचाराला निघायचा. शेवटी थेल्मानेही स्टेडियमच्या बाजूनेच मत दिलं. ठराव निसटत्या मतांनी मंजूर झाला त्या दिवशी जीन स्वयंपाकघरात रडला होता.

त्यानंतर कितीतरी उन्हाळे गेले. जीनची स्मरणशक्ती हळूहळू विरत गेली. आधी किल्ल्या हरवायला लागल्या, मग रस्ते, मग माणसं. एकदा तो गॅस चालू ठेवून बाहेर निघून गेला, तेव्हा थेल्माने मन घट्ट केलं आणि त्याला काउंटीच्या वृद्धाश्रमात ठेवलं. इमारत जुनी होती, जेवण बेचव, पण तिथं काम करणाऱ्या बायका मायाळू होत्या आणि घरापासून चालत जाता यायचं.

त्याच्या खोलीत शेजारच्या खाटेवर एमॉस टॉलिव्हर होता. जन्मभर शहराची बस चालवलेला, उंचापुरा काळा माणूस. मधुमेहात दोन्ही पाय गेले होते, पण डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. दुपारी दोघं रेडिओवर मॅच ऐकायचे. एमॉसने त्या मतदानात विरोधात मत दिलं होतं आणि जीनला ते तो रोज ऐकवायचा.

"माझ्या बुटांवरच्या करातून तुझ्या मालकाच्या स्टेडियमात खुर्च्या आल्या. आता मला पायच नाहीत. आता काय घेतो म्हणावं माझ्याकडून?"

जीनला यातलं काही कळायचं नाही, पण एमॉस हसला की तोही पोट धरून हसायचा.

थेल्मा रोज दुपारी यायची. दार उघडलं की जीन म्हणायचा, "आलीस का थेल्मा?" बाकीचं सगळं विसरला तरी माझं नाव विसरला नाही, हे ती बहिणीला फोनवर अभिमानाने सांगायची. एकदा ती जरा लवकर पोचली. दार अर्धवट उघडं होतं. आतून एमॉसचा आवाज येत होता.

"आता निळा कोट घातलेली एक बाई येईल. ती थेल्मा. तुझी बायको आहे. आल्यावर काय म्हणायचं?"

"आलीस का थेल्मा."

"शाब्बास. आणि हात धर तिचा. कालच्यासारखा एकटाच पत्ते खेळत बसू नकोस."

थेल्मा दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने डोळे पुसून आत गेली. या गोष्टीबद्दल ती एमॉसशी कधी बोलली नाही. त्यानंतर मात्र ॲपल पाय आणला की त्याच्या वाटणीचा बिनसाखरेचा वेगळा भाजून आणू लागली.

पुढच्या वर्षी मालकाने स्टेडियमसाठी स्कोअर दाखवणारा नवा इलेक्ट्रॉनिक पडदा मागितला. स्टेडियम कायम पहिल्या दर्जाचं ठेवायचं असं करारात लिहिलेलं होतं, आणि इतर शहरांत तसे अजस्र पडदे लागले होते. काउंटीची तिजोरी रिकामी होती. तेव्हा वृद्धाश्रम विकायचं ठरलं. घेणाऱ्या कंपनीला फक्त जमीन हवी होती, आश्रम बंद होणार होता.

काउंटीच्या जाहीर सभेत थेल्मा बोलायला उभी राहिली. समोर काउंटीचा कारभार पाहणाऱ्या कमिशनरांच्या खुर्चीत डेनी रुस्नाक होता. तिच्याच गल्लीत वाढलेला, जीनने बॅट धरायला शिकवलेला. त्याने शांतपणे समजावून सांगितलं की करार मोडला तर मालक कोर्टात जाईल आणि काउंटी अजून खड्ड्यात जाईल. "मिसेस हुडाक, आम्ही कुणालाही रस्त्यावर सोडणार नाही," तो म्हणाला. "प्रत्येकाला कुठे ना कुठे खाट मिळेल. माझा शब्द आहे."

"मला खाट नकोय, डेनी," थेल्मा म्हणाली. "मला शेजारची खाट हवीय."

त्याला काही उलगडलं नाही. तिने सांगायचा प्रयत्न केला, पण तिची बोलायची वेळ संपल्याचा दिवा लागला आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

डेनीने शब्द पाळला. जीनला खाट मिळाली, काउंटीच्या पार दक्षिण टोकाला. एमॉसला मिळाली उत्तरेला, भाचीच्या गावाजवळ. दोघांना एकत्र ठेवा म्हणून थेल्माने फोनवर फोन केले. जागा नाही, एवढंच ऐकू आलं. निघताना एमॉसने जीनचा हात बराच वेळ सोडला नाही. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "सकाळी सांगून उपयोग नाही. तुम्ही येण्याच्या जरा आधी सांगायला हवं. तिथल्या कुणाला तरी सांगून ठेवा."

तिने सांगून ठेवलं. पण तिथे माणसं कमी, रोज नवी, आणि कामाने वाकलेली. आता ती दार उघडायची तेव्हा जीन अदबीने मान लववून बघायचा. एमॉसशी फोनवर बोलायला लावलं, तर रिसीव्हर हातात धरून नुसता बघत राहायचा. रेडिओ लावला तरी थोड्या वेळाने शेजारी पाहायचा आणि विचारायचा, "तो कुठाय?" कोण, हे त्याला सांगता यायचं नाही.

वसंतात तिने त्याला गाडीत बसवलं आणि एमॉसकडे नेलं. एमॉस खूप वाळला होता. त्याने दाढी करून घेतली होती, स्वच्छ शर्ट घातला होता.

"काय रे जीन, तुझ्या लोकांनी परत घालवली ना मॅच?"

जीनने हात पुढे केला. "भेटून आनंद झाला. तुम्ही इथे काम करता का?"

एमॉसने तो हात धरला. "हो. पूर्वी तुमच्याच बाजूला होतो कामाला." मग त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. परिचारिका जेवण घेऊन आली तेव्हा थेल्मा आणि जीन निघाले.

परतीच्या वाटेवर ढग उतरून आले होते. शेतं अजून काळीच होती.

"आपण कुणाकडे गेलो होतो?" जीनने विचारलं.

"मित्राकडे."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

"चांगला माणूस वाटला," तो म्हणाला. "दमलेला होता."

थेल्माने गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि सभेपासून साठलेलं सगळं रडली. शेजारी जीन अवघडून बसला होता. अखेर त्याने बिचकत तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं कुणी गेलं का, बाई?"

"हो," ती म्हणाली.

"वाईट झालं," तो म्हणाला, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत खांद्यावरचा हात त्याने काढला नाही.