मुक्याने खेळायचा डाव

रविवारी दुपारी मेव्हणा डोमिनोचा डबा घेऊन बहिणीकडे आला. यार्डाच्या कॅन्टीनमध्ये ट्रकवाल्यांनी त्याला हा खेळ शिकवला होता, आणि दाजींना शिकवल्याशिवाय त्याला आता चैन पडत नव्हतं. दाजी त्याच यार्डात क्रेन चालवत. खाली उभं राहून पोलादी प्लेटांना साखळ्या अडकवायच्या आणि वॉकीटॉकीवरून वर इशारा द्यायचा, हे मेव्हण्याचं काम.

त्याने अठ्ठावीस ठोकळे टेबलावर पालथे घातले आणि नियम सांगितले. प्रत्येक ठोकळ्याला दोन घरं, घरात ठिपके, कोऱ्यापासून सहापर्यंत. सात-सात घ्यायचे, उरलेले ढिगात. टेबलावर जी रांग तयार होते तिच्या दोन टोकांपैकी एकाशी आपलं घर जुळलं तर ठोकळा लावायचा. नाही जुळलं तर जुळेपर्यंत ढिगातून उचलायचं. ज्याचे आधी संपतील तो जिंकला, आणि समोरच्याच्या हातातले ठिपके त्याचे गुण.

"एवढंच?" बहीण म्हणाली. "म्हणजे डोकं लागत नाही. तरीच तुला जमलं."

पहिला डाव तिघांनी खेळला आणि दाजी जिंकले. ठिपके खोदलेले होते. दाजी अंगठा फिरवून बरोबर ठोकळा काढत, मेव्हण्याला त्याचं कौतुक वाटलं. बहीण मात्र प्रत्येक खेळीनंतर मोठ्याने म्हणायची, इकडे तीन, तिकडे सहा. हा खेळ मुक्याने खेळायचा असतो, ज्याने त्याने आपलं बघायचं, असं त्याने तिला दोनदा बजावलं. बडबडीशिवाय आपल्याला काही जमत नाही, हे तुझ्या दाजींना लग्नातच कळलंय, असं म्हणून तिने ते उडवून लावलं.

मग ती चहा ठेवायला आत गेली. दुसरा डाव दोघांचाच.

दाजी टेबलावर वाकले, मान तिरकी केली, नाहीच जुळत म्हणाले आणि ढिगाकडे हात नेला. पुढच्या खेपेलाही तेच. त्यांच्या हातातले ठोकळे वाढत गेले. मेव्हण्याने विचारलं, दुकान टाकताय का? दाजी हसले.

मेव्हण्याचे ठोकळे संपले. गुण मोजायला त्याने दाजींचे उलटे केले. रांगेच्या एका टोकाला सहा होते, आणि दाजींच्या हातात सहाचे चार ठोकळे होते. पहिलटकराची चूक, म्हणून त्याने नियम पुन्हा समजावला. दाजी हो हो म्हणाले. बोलता बोलता त्यांचा हात त्या टोकाकडे सरकला, बोटं ठिपक्यांवर जाणार होती. मेव्हण्याने मनगट धरलं.

"हात न लावता सांगा दाजी. काय आहे तिथे?"

दाजींनी बराच वेळ पाहिलं.

"दोन."

बहीण चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने आधी ठोकळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मघाची तिची बडबड कशासाठी होती, ते भावाला तेव्हा कळलं.

वर्ष होत आलंय, ती म्हणाली. नजरेच्या मधलं गेलंय, कडेचं दिसतं. डॉक्टरांच्या हातात काही नाही. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, तेवढं निघू दे. हे सगळं तिने कप मांडता मांडता सांगितलं, भावाकडे न बघता.

"ताई, खाली मी उभा असतो."

दाजी बोलले.

"म्हणून तर तुला माझ्या पाळीत मागून घेतलं. वॉकीटॉकीवर तू नीट सांगतोस. दुसऱ्या कुणाचा भरवसा वाटेना."

ते शाबासकी दिल्यासारखं म्हणाले. मेव्हण्याला इतके दिवस वाटत होतं, दाजींनी आपल्यासाठी शब्द टाकला.

उद्या तुम्ही साहेबांना सांगा, नाहीतर मी सांगतो, असं त्याने सांगितलं. आवाज चढवला नाही.

"सांग की," बहीण म्हणाली. "मग आमची चूलही तूच पेटव."

त्याने ठोकळे डब्यात भरले. चहा तसाच राहिला. जेवून जा, असं कुणी म्हटलं नाही.

सोमवारी तो पाळीच्या आधी यार्डात पोचला. सुपरवायझरच्या केबिनबाहेर दाजी उभे होते, घरच्या कपड्यांत. केबिनला काच होती, आत दिवा लागलेला होता आणि सुपरवायझर चार हातांवर पेपर वाचत बसला होता.

"कोण, तू का?" दाजींनी विचारलं. "साहेब आलेत का रे?"

"आलेत."

"कधीचा उभा आहे मी. म्हटलं, यायचे असतील अजून."

मी येऊ का आत, असं मेव्हण्याने विचारलं. दाजींनी नको म्हणून मान हलवली. तू आलास तर तू पकडून आणलंस असं दिसेल, म्हणाले. त्यांनी शर्ट सारखा केला, काचेवर हात फिरवत दाराची कडी शोधली आणि आत गेले.